उद्यमनगरातले अलाइनमेंटचे दुकान आणि मागचे टायर खाणारी माझी जुनी सिव्हिक

ज्या दुकानाविषयी हे लिहितो आहे त्याचे नाव छापू नका, असे मालकांनीच मला सांगितले आहे. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात, दोन लेथच्या गाळ्यांमध्ये दबून बसलेले, एका वेळी एकच गाडी मावेल असे ते दुकान आहे. दिवसाला चार-पाच गाड्यांहून अधिक काम तिथे होत नाही आणि सहावी गाडी दारात उभी राहिली की शेजारच्या गाळ्यात माल घेऊन येणारा टेम्पो अडतो व आवाज चढतात. त्यामुळे गर्दी नको, एवढेच त्यांचे म्हणणे. उद्यमनगरात चौकशी केली तर पत्ता सहज सापडेल. मागच्या चाकांचे काम करणारे मामा कुठे असतात, असे विचारायचे. पुढच्या चाकांचे काम तर कुणीही करते.

माझी गाडी २०१० सालची होंडा सिव्हिक, ठाण्याच्या पासिंगची. २०२२ साली मी ती घेतली तेव्हा मीटरवर ९२ हजार किलोमीटर दिसत होते. घेताना इंजिन ऐकले, गिअर बघितले, एसी दहा मिनिटे चालवून पाहिला. सेकंडहँड गाडी घेताना जे सगळे करतात तेच केले आणि गाडीखाली वाकून बघायचे जे सगळे टाळतात तेही टाळले. त्याच वर्षी चारही टायर नवे घातले. साधारण १४ हजार किलोमीटर झाल्यावर मागच्या बाजूने घूं-घूं असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की तो चढायचा, कमी झाला की उतरायचा. एका गॅरेजने मागच्या उजव्या चाकाचे बेअरिंग गेल्याचे निदान करून हबसकट नवे बसवले आणि ४,८०० रुपये घेतले. आवाज जसा होता तसाच राहिला. त्यानंतर एकदा पंक्चर काढताना चाक उतरवले, तेव्हा टायरची आतली कड जवळजवळ गुळगुळीत झालेली दिसली. बाहेरून बघताना टायर उत्तम होता. हीच या दुखण्यातली फसवी गोष्ट आहे: मागच्या चाकाची आतली कड गाडी उभी असताना कुणाच्याही नजरेस पडत नाही, आणि पुढच्या चाकांसारखे स्टिअरिंग वळवून ती बाहेर काढताही येत नाही.

दरम्यानच्या काळात मी गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, केले नव्हते असे नाही. तीनदा केले होते, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी दारावर थ्रीडीचा मोठा फलक होता. तिन्ही वेळा संगणकाचा छापील कागद मिळाला, तो मी घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि विसरलो.

मामांच्या दुकानात गेल्यावर पहिले आश्चर्य असे, की गाडी यंत्रावर घेतलीच गेली नाही. मामा साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी जॅक लावून मागचे उजवे चाक उतरवले, टायर उभा धरून त्याच्या नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने फिरवला आणि मग उलट दिशेने. मग मला म्हणाले, ‘तुम्ही फिरवून बघा साहेब.’ मी फिरवला. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला; उलट दिशेने कानशीवर फिरवल्यासारखा अडला. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड गोल झाली होती आणि दुसरीला धार आली होती. टायर नुसता फिरत नसून फिरता फिरता आडवा घासला जात असला, म्हणजेच चाकाच्या टो कोनात (वरून पाहता चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर किती वळले आहे त्या कोनात) बिघाड असला, की अशी धार येते, असे त्यांनी सांगितले. शिवाय आतल्या कडेवर वीतभर अंतराने तिरके चट्टे होते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मागची चाके नुसती मागून ओढत येतात, त्यांच्यावर भार कमी असतो. तिथे टो बिघडला की टायर थोडा वेळ घासत जातो, मग सुटतो, पुन्हा पकडतो, आणि त्यातून हे तिरके चट्टे पडतात. तोच चट्ट्यांचा टायर रस्त्यावर आपटत गेला की घूं-घूं ऐकू येते, आणि बेअरिंगचा आवाजही अगदी असाच असतो.

बेअरिंगची शंका त्यांनी दोन प्रकारे फेडली. पहिली रीत फार सोपी होती. गाडी उचललेली असताना एका हाताने चाक जोरात फिरवायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवायची. बेअरिंग खराब असेल तर त्याची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. मला काहीच जाणवले नाही. दुसरी रीत त्याहून पक्की: मागची दोन्ही चाके पुढे आणि पुढची मागे घालून त्यांनी मला शाहू नाक्यापर्यंत एक चक्कर मारायला लावली. आवाज पुढे आला. बेअरिंग जागचे हलले नव्हते, टायर हलला होता. म्हणजे आवाज टायरचाच. या चाचणीला दोन्ही वेळची चाके उघडणे-लावणे धरून अर्धा तास लागला. ४,८०० रुपये घेणाऱ्या गॅरेजला हा अर्धा तास का काढता आला नाही, हे मला आजही कळलेले नाही.

त्यानंतर मोजमाप झाले. टायरची खोली मोजायचा गेज त्यांच्या खिशातच असतो. नव्या टायरची खोली ८ मिलिमीटरच्या आसपास होती. आता उजव्या मागच्या टायरवर आतल्या कडेला १.९, मध्ये ४.३ आणि बाहेरच्या कडेला ५.६ मिलिमीटर भरली. डाव्यावर तेच आकडे ३.६, ४.७ आणि ५.४ असे आले. नक्षीच्या खाचेत आडवी उंचवट्याची पट्टी असते, ती १.६ मिलिमीटरवर असते आणि टायर तिच्या पातळीला आला की तो बदलणे भाग असते. म्हणजे उजव्या टायरची आतली कड आणखी दोनेक महिन्यांत संपणार होती आणि बाहेरची कड आणखी दोन वर्षे चालण्याजोगी होती. दोन्ही टायर आतूनच झिजले होते, पण सारखे झिजले नव्हते, आणि मामांनी बोट ठेवले ते नेमके याच फरकावर. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या असत्या तर स्प्रिंग बसल्या, गाडी मागून खाली आली, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकण्याचा कोन) वाढला, एवढ्यावर भागले असते. एक बाजू दुसरीपेक्षा इतकी जास्त झिजते तेव्हा त्या बाजूला वेगळे काहीतरी झालेले असते.

हवा कमी-जास्त असण्याची शक्यता त्यांनी एका वाक्यात बाजूला सारली, आणि ते योग्यच होते. हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त असली तर मध्ये झिजतो. फक्त आतून झिजत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड झाल्यावर, त्यांनी हवा मोजली. डावीकडे ३३ आणि उजवीकडे २८ पीएसआय निघाली. पेट्रोल पंपावर गरम टायरमध्ये भरलेल्या हवेचा भरवसा धरू नये, एवढा धडा मला त्यातून मिळाला.

गाडीच्या पूर्वायुष्याची चौकशी ते ज्या पद्धतीने करतात ती मला सर्वांत आवडली. त्यांनी डिकीतला गालिचा उचलला आणि तळाच्या पत्र्यात रबरी बूच मारलेली चार भोके दाखवली. ‘सीएनजीची टाकी होती हो इथं.’ आरसी काढून पाहिली तर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजी खरोखरच लिहिलेले होते. मी ते आधी वाचले होते आणि किट काढून टाकले म्हणजे विषय संपला असे समजत होतो. विषय संपत नाही. लोखंडी टाकी म्हणजे मागच्या चाकांवर एक प्रवासी कायमचा बसवून ठेवण्यासारखे आहे. मुंबई-ठाण्यात सीएनजीवर वर्षानुवर्षे धावलेल्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगा त्या वजनाने बसतात आणि टाकी काढली तरी पूर्ववत उठत नाहीत. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंत त्यांनी टेपने मोजले. उजवी बाजू डावीपेक्षा ९ मिलिमीटर खाली निघाली. सिव्हिकसारख्या गाडीत मागचे प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, म्हणजे लोखंडी दांड्यांवर, स्वतंत्र टांगलेले असते, आणि अशा रचनेत गाडी खाली बसली की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. त्यालाच कॅम्बर वाढला म्हणतात, आणि मग टायरच्या आतल्या कडेवर भार येतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्या अज्ञानातून बरेच पैसे वाया जातात. स्विफ्ट, आय-२० किंवा सिटी यांसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाके एका जाड आडव्या तुळईने जोडलेली असतात आणि मागचा कोन पाना फिरवून बदलण्याची सोय त्यात नसते. तुळई वाकली तर ती बदलावी लागते किंवा हबच्या मागे पातळ पाचर बसवावी लागते. त्यामुळे अलाइनमेंटच्या बहुतेक दुकानांत ‘मागे काही करता येत नाही’ हे वाक्य पाठ झालेले आहे, आणि बहुसंख्य गाड्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु ज्या गाड्यांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांच्या बाबतीत ते खरे नाही. माझ्या गाडीत मागच्या खालच्या आर्मला टो बसवण्यासाठी खास बोल्ट आहे. त्याचा वॉशर मध्यापासून सरकलेला असतो, तो फिरवला की आर्मचे टोक आत-बाहेर होते. मला तिन्ही ठिकाणी सांगितले गेले ते पाठ केलेले वाक्य, गाडीखाली न बघता.

याचा पुरावा माझ्याच डॅशबोर्डात होता. मामांनी जुने कागद मागितले. आजवर मला हे कुणी विचारले नव्हते. ते तिन्ही कागद त्यांनी बोनेटवर ओळीने मांडले. प्रत्येक कागदावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने होते. पुढच्या चाकांचे आकडे आधी लाल होते, नंतर हिरवे झाले होते. मागच्या उजव्या चाकाचा टो आधीही लाल होता आणि नंतरही लाल. तिन्ही कागदांवर, दोन वर्षांत, जवळजवळ त्याच आकड्यावर. यंत्राने आपले काम चोख केले होते. कागद हातात देणाऱ्याने तो वाचला नाही, आणि तो घडी घालून ठेवणाऱ्यानेही वाचला नाही. मला त्या वेळी थोडे ओशाळल्यासारखे झाले हे कबूल करतो, कारण माझ्या पगाराच्या कामात आकड्यांचे रकाने वाचणे हेच मुख्य काम आहे.

मग गाडी यंत्रावर गेली. यंत्र मामांची पुतणी चालवते. ती आयटीआय झालेली आहे आणि बोलायला फार कमी, पण पडद्यावरचा कुठलाही आकडा विचारला तर काम थांबवून समजावून सांगते. चारही चाकांना पाट्या लावून तिने गाडी थोडी मागे, थोडी पुढे ढकलायला लावली, कारण रिम किंचित वाकडी असली तर तिचा दोष हिशेबातून वजा व्हावा लागतो. मापे आली. मागे डावीकडे टो ५ मिनिटे आत, उजवीकडे २५ मिनिटे बाहेर. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. मग तिने पाट्या काढल्या, पुन्हा लावल्या आणि सगळे पुन्हा मोजले. दुसऱ्यांदाही आकडे एखाद्या मिनिटाच्या फरकाने तेच आले. एकदा मोजलेल्या आकड्यावर ते पाना उचलत नाहीत, आणि माझ्या मते या दुकानाची सगळी पत या एका सवयीवर उभी आहे.

२५ मिनिटे म्हणजे अर्धा अंशही नाही, आणि डोळ्यांना तो अजिबात दिसत नाही. पण हिशेब करून पाहिला. चाक सरळ रेषेपासून एवढे तिरके असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे सात मीटर आडवे ओढले जाते. कोल्हापूर ते पुणे हा साधारण २३० किलोमीटरचा रस्ता धरला तर एका फेरीत तो टायर दीड किलोमीटरहून अधिक आडवा घासत गेला. त्यावर कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर आलेला. मग ती कड उरणार कशी? कॅम्बरचे आकडे दोन्ही बाजूंना हिरव्या मर्यादेच्या अगदी काठावर होते, पण आत होते. या दोहोंतला खरा चोर कोणता याविषयी मामांचे मत ठाम होते: कॅम्बर एकटा टायरला हळूहळू झिजवतो, टो त्याला खातो. म्हणूनच कॅम्बर बदलता येणारे बाहेरच्या कंपनीचे आर्म मी घालू का, असे विचारले तेव्हा त्यांनी नको म्हणून सांगितले. त्या आर्मांवर त्यांना चार पैसे सुटले असते, हे इथे नोंदवतो.

आणखी एक कोडे त्याच आकड्यांतून सुटले. गाडी घेतली तेव्हा सरळ रस्त्यावर तिचे स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळलेले असायचे आणि पहिल्याच अलाइनमेंटनंतर ते सरळ झाले होते. मी खूश होतो. मागचे एक चाक थोडे आत आणि दुसरे जास्त बाहेर, म्हणजे दोन्ही उजवीकडेच तोंड करून. अशी मागची चाके गाडीची शेपूट उजवीकडे रेटतात आणि सरळ जाण्यासाठी पुढची चाकेही उजवीकडे धरावी लागतात. पुढचे टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे) कमी-जास्त करून स्टिअरिंग सरळ करता येते, आणि तेच केले गेले होते. गाडीने दिलेली एकमेव खूण पुसली गेली आणि मागचा टायर झिजत राहिला.

कोन का बिघडला, हे शोधायला गाडी खड्ड्यावर घेतली. मागच्या उजव्या ट्रेलिंग आर्मच्या (चाकाला पुढून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, पहार घालून मामांनी हलकेच उचकले तर रबर तळापर्यंत फाटलेले दिसले. डावे तडकले होते, पण धरून होते. हा दोष गाडीच्या बनावटीचा नाही. चौदा वर्षे, मुंबईची खारी हवा आणि डिकीतले ओझे यांनंतर कुठलेही रबर असेच होते. बुश फाटलेला असेल तर ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात आदळताना चाक आणखी बाहेर फिरते, आणि उभ्या गाडीवर मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही. म्हणजे कागदावरचे २५ मिनिटे हा कमीत कमी आकडा होता. उजव्या रिमच्या आतल्या कडेला दबल्याची जुनी खूणही सापडली. ती कधीची, कुणाच्या हातची, ते कळायला मार्ग नाही. शॉकअप त्यांनी पुसून पाहिले. तेल गळत नव्हते, म्हणून बदलले नाहीत. हँडब्रेकची केबल सुटी होती, चाक मोकळे फिरत होते.

खरा खोळंबा टोच्या बोल्टाने केला. उजव्या बाजूचा तो बोल्ट बुशच्या लोखंडी नळीत गंजून असा एकजीव झाला होता की चार फुटी पाइप लावूनही हलेना. जोर केला की बोल्टाबरोबर बुशचे रबरच पिळले जायचे. दोन वर्षांत तिथे कुणी पाना लावलाच नव्हता, की लावून, बोल्ट हलत नाही हे पाहून गप्प बसला होता, याचा उलगडा आता होणार नाही. गॅसने तापवले तर रबर जळते, म्हणून कटर लावून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला, आर्म उतरवला आणि नवा घातला. डावीकडचा बोल्ट हलत होता, तरी जोडी म्हणून दोन्ही बदलले. नव्या बोल्टांना तांब्याच्या भुकटीचे ग्रीस चोपडले, जेणेकरून पुढच्या वेळी ते सुटतील. ट्रेलिंग आर्मचे बुश शेजारच्या लेथवाल्याने हायड्रॉलिक प्रेसवर काढून नवे बसवले. उद्यमनगरात दुकान असण्याचा हा फायदा आहे. दुसरीकडे या एका कामासाठी गाडी ठोकळ्यांवर चढवून दोन दिवस वाट बघावी लागली असती. बुश शेवटी आवळताना गाडीचे वजन चाकांवर होते, ती हवेत नव्हती. चाके लटकत असताना बुश आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात पुन्हा फाटते. ही गोष्ट मला तिथेच कळली.

आता खर्च. अलाइनमेंटचे ९००, दोन आर्म आणि बोल्टांचे ७,४००, दोन बुशचे १,८००, प्रेसचे ६०० आणि मजुरीचे ३,५००, असे एकूण १४,२०० रुपये झाले. मागच्या चाकांसाठी दोन नवे टायर मी दुसरीकडून घेतले. नवे टायर पुढे घालावेत असा माझा समज होता, कारण ओढायचे काम पुढची चाके करतात. मामांनी ते मागेच घालायला लावले. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि आपण वेग कमी करून तिला सावरतो. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही, हे त्यांचे कारण होते. आंबा घाटातून पावसाळ्यात उतरलेल्या माणसाला ते वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. सुरुवातीला त्यांनी ‘नऊ-साडेनऊ हजारांत होईल’ असे सांगितले होते, आणि खर्च वाढला तेव्हा आर्म मागवल्यावर कळवले, आधी नाही. जामलेला बोल्ट कापल्याशिवाय कळत नाही हे मान्य केले तरी मागवण्यापूर्वी एक फोन व्हायला हवा होता. एका दिवसाचे काम तीन दिवसांवर गेले, कारण बोल्ट पुण्याहून यायचे होते. बसायला जागा नाही. लेथच्या किसाचा आणि तेलाचा वास अंगावर घेत रस्त्यावर उभे राहावे लागते. बिल आधी वहीच्या कागदावर आले आणि पक्के बिल दोनदा मागावे लागले. सगळे झाल्यावर स्टिअरिंग केसभर डावीकडे होते आणि त्यासाठी मला पुन्हा जावे लागले. ते त्यांनी पैसे न घेता, पण थोड्या कुरकुरीने केले. ज्यांना थंड खोलीत चहा पीत काचेपलीकडून आपली गाडी बघायची आहे, त्यांनी तिकडे जाऊ नये. ज्यांच्या गाडीला मागे टॉर्शन बीम आहे आणि टायर सगळीकडून सारखे झिजत आहेत, त्यांचे काम घराजवळच्या कुठल्याही बऱ्या दुकानात होईल; त्यांनाही उद्यमनगर गाठण्याचे कारण नाही. पण मागचा टायर एकाच कडेने झिजत असेल, आणि दोन ठिकाणांहून हिरव्या-लाल आकड्यांचा कागद घेऊनही झीज थांबत नसेल, तर मी तरी दुसरीकडे जाणार नाही. जाताना जुने कागद सोबत न्यावेत.

काम होऊन आता ९ हजार किलोमीटर झाले आहेत. मधल्या काळात मीही दोनशे रुपयांचा एक खोली-गेज विकत घेतला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडीच्या मागे आडवा पडून मोजतो, त्यामुळे सोसायटीतली मुले मला मेकॅनिक समजू लागली आहेत. उजव्या मागच्या टायरवर आत ६.३, मध्ये ६.५, बाहेर ६.६ मिलिमीटर आहे. डाव्यावर आत ६.२, मध्ये ६.५, बाहेर ६.६. तळहात दोन्ही दिशांना सारखा सरकतो. आवाज नाही. डाव्या टायरच्या आतल्या कडेला दिसणारा तो थोडासा फरक बसलेल्या स्प्रिंगांचा आहे, असे मामांचे म्हणणे. स्प्रिंगा बदलायचा खर्च एवढ्यासाठी करू नये, वीस हजार किलोमीटरवर दोन्ही मागचे टायर रिमवरून उतरवून उलटे बसवू, म्हणजे आतली कड बाहेर येईल, असे त्यांनी सुचवले आहे. माझ्या टायरांची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी आहे आणि त्यांवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही, म्हणून हे चालेल. बाण असलेल्या टायरांना हा उपाय त्याच बाजूच्या चाकावर चालत नाही, आणि आतली-बाहेरची बाजू ठरवून दिलेल्या टायरांना तर चालतच नाही. पुतणीने माझ्या शेवटच्या कागदावर मागच्या दोन्ही टोच्या आकड्यांभोवती पेनाने गोल केला आहे आणि खाली पुढच्या भेटीचे किलोमीटर लिहून दिले आहेत. तो कागद आता घडी न घालता सनवायझरला लावलेला असतो.